दिवाळी मदत २०२५ : सोलापूरच्या कामाची वही

२५ सप्टेंबर २०२५, गुरुवार

सीना नदीचा पूर अजून उतरलेला नाही. लांबोटीला पाणी आल्यामुळे पुण्याचा हायवे बंद आहे आणि पेढीवर सुताची एकही गाडी आली नाही. रिकामा वेळ मिळाला म्हणून दिवाळीची वही काढली. दरवर्षी नवरात्रातच काढतो.

काम तेच. शहराजवळचं एक वसतिगृह, एक बालगृह आणि विडी कामगारांच्या वस्तीतला संध्याकाळचा अभ्यासवर्ग, या तिघांना दिवाळीत हातभार लावायचा. नावं या वहीत लिहीत नाही, कारण ही वही बऱ्याच हातांत फिरते. आमचा गट म्हणजे निवृत्त झालेले मास्तर, टेम्पोवाले अण्णा, विडी वळणाऱ्या दोन अक्का, गल्लीतल्या चारपाच बायका आणि हिशेबाला मी.

यंदा आकडा काय धरायचा हाच पहिला प्रश्न. मी सुताच्या पेढीवर उधारीची पानं लिहिते, त्यामुळे कोणाचं किती अडलंय ते मला बोलायच्या आधी कळतं. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. टॉवेलवाल्यांच्या ऑर्डरी काहींच्या थांबल्या, काहींच्या अर्ध्यावर आल्या. जे महिन्याला सूत उचलायचे ते आता आठवड्याचं उचलतात आणि पैसे पुढच्या महिन्याचे सांगतात. आपले मोठे देणगीदार यांच्यातलेच. सीनाकाठच्या शेतकऱ्याचं सोयाबीन पाण्यात आहे. ज्यांचं वाचलंय त्यांनाही क्विंटलला ५,३२८ चा हमीभाव बाजारात मिळण्याची आशा नाही. म्हणजे शहर आणि खेडं दोन्हीकडून एकाच वेळी आटलंय.

मास्तरांचं म्हणणं, यंदा सगळे पूरग्रस्तांना देतायत, आपण थांबावं. मी म्हटलं, आधी संस्थांना विचारू, मग थांबायचं का ते ठरवू.

२८ सप्टेंबर, रविवार

तिन्हीकडे फोन झाले. दरवर्षी आम्ही "मुलं किती?" एवढंच विचारायचो आणि तेवढे पुडे करायचो. यंदा दोन प्रश्न जास्तीचे ठेवले: दिवाळीत मुक्कामाला किती राहणार, आणि सध्या कोणतं बिल अडलंय.

वसतिगृहाचे गुरुजी आधी काही बोलेचनात. मग म्हणाले, "ताई, फराळाचं बघा तुम्ही नेहमीसारखं. खरी अडचण वेगळीच आहे." दिवाळीच्या सुट्टीत त्यांची बहुतेक लेकरं घरी जातात. स्वयंपाकघर जवळजवळ बंद राहतं, मावशी गावी जातात, गॅस वाचतो. वर्षाचा सगळा हिशेब या बंद दिवसांवर बेतलेला असतो. यंदा माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या भागांतल्या आईबापांचे फोन यायला लागलेत, "सुट्टीत लेकरू तिथंच ठेवता का? घरात गुडघाभर गाळ आहे." नाही म्हणता येत नाही. म्हणजे जे दिवस खर्चाचे नव्हते तेच आता सगळ्यात जास्त खर्चाचे होणार. मावशींची सुट्टी गेली, तर त्याचा मोबदला द्यायला हवा. अंथरूण, औषधं, पिण्याचं पाणी हेही आलंच.

बालगृहाच्या अधीक्षिका ताई मोकळ्या बोलतात. "दिवाळीत खाऊ कमी पडत नाही. तो जास्तच होतो," त्या म्हणाल्या. त्यांचं अडलंय ते शाळेच्या व्हॅनचं भाडं आणि विजेचं बिल. शिवाय दोन मुली येत्या वर्षात १८ पूर्ण करतील. त्यांच्या नर्सिंगच्या प्रवेशाचं काय करायचं, ही चिंता त्यांना दिवाळीपेक्षा मोठी आहे.

अभ्यासवर्गाचं सोपं आहे. खोलीचं भाडं आणि शिकवणाऱ्या ताईचं मानधन. ताईने दोन महिने मानधन घेतलेलं नाही आणि तिने ते आपणहून सांगितलंही नाही. अक्कांकडून कळलं.

थांबायचा विषय संपला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सोनं वाटता वाटता मदतीचंही बोलणं झालं. आमच्याकडे हा जुना रिवाज आहे. आपट्याचं पान हातात असताना माणूस सहसा तोडून बोलत नाही.

एका टॉवेल कारखानदाराकडे गेलो. दरवर्षी रोख द्यायचे. यंदा त्यांनी स्वतःच विषय काढला. रोख जमणार नाही, कामगारांचा बोनस द्यायचा आहे. कायद्याने किमान ८.३३ टक्के तर द्यावाच लागतो, आणि तो दिला नाही तर दिवाळीत तोंड कुठे दाखवायचं? "माल पाहिजे तेवढा घ्या," म्हणाले. गोदामात नेलं. परदेशच्या मापाचे जाड, पांढरे टॉवेल छतापर्यंत रचलेले. आपल्या मुलांना एवढा जाड टॉवेल नकोच असतो, धुवून वाळायला दोन दिवस लागतात. पण अण्णा मागून हळूच म्हणाले, "विकू की ओ आपण."

मालकांना स्पष्ट विचारलं. त्यांची एकच अट, परदेशी गिऱ्हाइकाच्या नावाचं लेबल असलेला एकही नग बाहेर जाता कामा नये. लेबल उसवून काढायचं, टाका दिसला नाही पाहिजे. हे काम अक्कांच्या गल्लीत देऊ. विडीच्या कात्रीला सवय आहे.

विक्रीची सोयही त्यांनीच सुचवली. बिल त्यांच्या नावाने निघेल, कर ते भरतील, आमची माणसं फक्त टेबलावर उभी राहतील. आलेली रक्कम तीन संस्थांच्या खात्यात ते स्वतः देणगी म्हणून टाकतील. आमच्या हातात पैसा येणार नाही, हे मला बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज मास्तरांच्या घरी बैठक. पैसे घ्यायचे कसे यावर नव्या मंडळींसाठी लिहून ठेवते, दरवर्षी तोच गोंधळ होतो.

आमचा गट नोंदणीकृत नाही. म्हणून आम्ही कोणाचेही पैसे आमच्या खात्यात घेत नाही. देणाऱ्याने थेट संस्थेला द्यायचे आणि पावतीही संस्थेकडूनच घ्यायची. आम्ही फक्त कोणी काय कबूल केलं आणि काय पोहोचलं एवढी नोंद ठेवतो. ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकराची, सवलत हवी असेल तर रोख २,००० रुपयांच्या आतच द्यावी, त्यावर चेक किंवा यूपीआय. पॅन नंबर द्यावा लागतो, कारण संस्थेला वर्षाअखेरीनंतर देणग्यांचं विवरण भरावं लागतं आणि त्यातूनच तुमचं प्रमाणपत्र निघतं. तांदळाचं पोतं, कपडे, टॉवेल अशा वस्तूंवर ८०जी मिळत नाही. हे सांगितलं की निम्मे जण म्हणतात, "मग पोतंच घ्या, पावती नको." चालेल, तेही चालेल.

यंदा एक नवीन गोष्ट दिसली. मास्तरांच्या ओळखीचे नोकरदार, विशेषतः शिक्षक, दरवर्षी कर वाचवायला म्हणून काही ना काही द्यायचे. आता बहुतेकांनी नवी करप्रणाली घेतलीय. तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि ८०जी ची वजावटही नाही. मास्तरांना वाटलं, हे देणारे गळाले. मला तसं वाटत नाही. कर वाचला म्हणजे तेवढे पैसे हातात राहिले. फक्त त्यांना मार्चची आठवण करून देणारं कोणी राहिलं नाही. आता ती आठवण आपल्यालाच करून द्यायची आहे. मास्तरांनी यादी घेतली, फोन करतो म्हणाले. फोनवर ते शाळेतल्यासारखं बोलतात आणि त्यांचे जुने विद्यार्थी अजून घाबरतात. त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे नफ्यातला हिस्सा समाजकामाला द्यायच्या कायद्याचा, विषय कोणीतरी काढतंच. इथल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना तो कायदा बहुतेक लागूच होत नाही. निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी असेल तर तो दोन टक्क्यांचा नियम. आमचे कारखानदार देतात ते खिशातून देतात. खिसा आटला की तेही आटणार, यात रागवण्यासारखं काही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल सरकारने पुराचं पॅकेज जाहीर केलं, ३१,६२८ कोटींचं. पेढीवर दिवसभर तीच चर्चा. पीक, खरवडून गेलेली जमीन, जनावरं, घरं अशी मदत त्यात आहे. ज्या बापाचं घर पडलंय त्याला ते मिळेल तेव्हा मिळेल, पण तोवर त्याचं लेकरू वसतिगृहात जेवणार आहे आणि ते जेवण कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

गुरुजींनी पक्का आकडा कळवला. मुक्कामाला साठेक मुलं राहणार. एरवी दिवाळीत दहाबारा असतात, ज्यांना जायला घरच नाही अशी.

संध्याकाळी अक्कांकडे लेबलं काढायचं काम सुरू झालं. नगाप्रमाणे मजुरी ठरवली, फुकट करून घ्यायचं नाही. त्यांच्यातल्या धाकट्या अक्कांना हे पटत नव्हतं, "पुण्याचं काम आहे, पैशे कशाला?" मोठ्या अक्कांनी तेलुगूत काहीतरी सुनावलं आणि त्या गप्प बसल्या. काय सुनावलं ते मला सांगितलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

खरेदीचा दिवस. मधल्या मारुतीजवळ सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. मंदी आहे हे गर्दीवरून कळत नाही, पिशव्यांवरून कळतं. माणसं हिंडत होती, भाव विचारत होती आणि पावशेर घेऊन जात होती.

२२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला त्याचा आम्हाला फायदा झाला. वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे यांच्यावरचा कर शून्य झालाय. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. दुकानदाराकडे जुन्या छापील किमतीचा माल होता आणि तो आधी तोच भाव सांगत होता. कर विक्रीच्या दिवसाचा लागतो, छपाईच्या दिवसाचा नाही, एवढं सांगितल्यावर त्याने मुकाट्याने नवं बिल केलं. वाचलेल्या पैशांत अभ्यासवर्गाच्या मुलांना कंपासपेट्या बसल्या.

यादी करताना वाद झाला तो कपड्यांवरून. गल्लीतल्या बायकांचं म्हणणं, दिवाळीला नवा कपडा पाहिजेच. अधीक्षिका ताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की नवे फ्रॉक दरवर्षी येतात. कमी पडतात ते आतले कपडे, सॅनिटरी पॅड, चपला, आणि मोठ्या मुलांच्या मापाचं काहीही. लोक बाळाच्या मापाचं आवडीने घेतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या मापाची चड्डी देणगी म्हणून द्यायला कोणालाच सुचत नाही. शेवटी असं ठरलं, वसतिगृहातल्या मुलांना नवा शर्ट किंवा ड्रेस, कारण त्यांच्या घरून यंदा येणार नाही. बालगृहात ताईंच्या यादीप्रमाणे. मी त्या यादीतलं एकही कलम कापू दिलं नाही.

फराळाचं यंदा बदललं. आधी घराघरांतून डबे गोळा करायचो. चकली एका घरची तिखट, दुसऱ्या घरची मऊ, आणि कुठल्या डब्यातलं कधी तळलेलं ते कळायचं नाही. साठ मुलांना चारपाच दिवस खायला घालायचं तर हे चालणार नाही. म्हणून सामान आपलं आणि बनवणार बचत गटाच्या बायका, मजुरी देऊन. भाजक्या पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, शेव, बेसनाचे लाडू. चकली नाही. भाजणी करा, दळून आणा, सोऱ्याने पाडा, त्यात दोन दिवस जातात आणि मुलं शेवही तितक्याच आवडीने खातात. करंज्या थोड्या, कारण मोठ्या अक्का म्हणाल्या की करंजीशिवाय दिवाळी त्या करणार नाहीत.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी वेगळ्या मागवल्या. हे सोलापूरबाहेरच्या माणसाला दिवाळीचं वाटणार नाही. पण गोड खाऊन तिसऱ्या दिवशी लेकरं कंटाळतात, आणि कडक भाकरी पंधरा दिवस डब्यात राहिली तरी तिला काही होत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस फोनवर गेला. सगळे फोन भल्या माणसांचे आणि जवळजवळ सगळ्यांना नाही म्हणावं लागलं.

एका क्लबला बालगृहात कार्यक्रम करायचा आहे. बॅनर, मुलांच्या हातात भेटी, फोटो, पेपरात बातमी. त्यांना सांगितलं, बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, चित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समोरचे गृहस्थ म्हणाले, "अहो, चेहरे ब्लर करू." मी म्हटलं, चेहरे ब्लर करून तुमचेच फोटो राहणार असतील तर ते तुमच्या ऑफिसात काढा. थोडं लागलं असेल त्यांना. पण तासाभराने पुन्हा फोन आला, व्हॅनचं तीन महिन्यांचं भाडं देतो म्हणाले, आणि चेकसोबत त्यांच्या अध्यक्षांचा फोटो काढला तर चालेल का. चालेल की! हवे तेवढे काढा.

एका बाईंना भाऊबीजेला दोन मुली घरी न्यायच्या होत्या. मनापासून बोलत होत्या, त्यांना मूलबाळ नाही. बालकल्याण समितीच्या परवानगीशिवाय असं कोणाला मुक्कामाला नेता येत नाही, हे सांगताना मलाच कसंतरी वाटलं. पण नियमाची दुसरी बाजूही मी तिथे जाऊन पाहिलेली आहे. दोन दिवस मोठ्या घरात राहून परत आलेलं मूल आठवडाभर कोणाशी बोलत नाही. त्या बाईंना अधीक्षिका ताईंचा नंबर दिला. दर शनिवारी गणित शिकवायला कोणीतरी हवं आहे, आणि त्या बँकेतून निवृत्त झालेल्या आहेत.

मंगल कार्यालयातल्या उरलेल्या जेवणाबद्दल एक फोन. नाही. तयार अन्न संस्था घेत नाहीत. साठ मुलांना एकदम जुलाब झाले तर जबाबदारी कोणाची?

टॉवेलांची विक्री आज संध्याकाळपासून नवी पेठेत सुरू.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

पोहोचवलं. अण्णांनी टेम्पोचं भाडं घेतलं नाही, डिझेल मात्र हक्काने भरून घेतलं.

वसतिगृहात गेलो तेव्हा मुलं किल्ला करत होती. जागेवरून दोन गट पडले होते आणि एका गटाने दुसऱ्याची माती पळवल्याची तक्रार गुरुजींकडे चालली होती. आम्ही आणलेल्या सामानाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. उटणं, साबण, तेलाच्या बाटल्या गुरुजींनी मोजून घेतल्या. वसतिगृहाने मुलांना स्वतःला काय हवं ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं होतं. फटाके, क्रिकेटचा बॉल, शिट्टी. एका मुलाने लिहिलं होतं, "फोनला बॅलन्स. आईला रोज लावायला." ती चिठ्ठी पाहून कळलं की सुट्टीत इथे राहणाऱ्या मुलांसाठी घरी बोलायची सोय एकाच फोनवर आहे, गुरुजींच्या. एक साधा फोन आणि तीन महिन्यांचं रिचार्ज लगेच केलं. यादीत हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नसतं.

मावशींच्या सुट्टीतल्या कामाचे पैसे संस्थेच्या खात्यात आजच पोचले. मास्तरांच्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या रकमेतून ते बसले. त्यांच्या हाताखाली गावातलीच एक बाई पंधरा दिवसांसाठी घेतली.

बालगृहात आमच्या आधी दोन मंडळं येऊन गेलेली होती. टेबलावर सोनपापडीचे डबे एकावर एक. अधीक्षिका ताई हसल्या आणि म्हणाल्या, "हे घेऊन जाता का वसतिगृहात?" देणाऱ्यांना विचारून घ्या, एवढंच म्हटलं. त्यांनी तिथेच फोन लावला, आणि टेम्पो परत वसतिगृहाकडे वळला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

टॉवेलांची विक्री आज बंद केली. अपेक्षेपेक्षा बरी झाली. मोठ्या मापाचे टॉवेल लोकांनी अंथरायला, लहान बाळाला गुंडाळायला म्हणून घेतले. एका पाहुण्याने पुण्याला न्यायला डझनभर घेतले. रक्कम कारखानदारांनी तीन संस्थांत वाटून भरली. वाटणी आम्ही सारखी ठेवली नाही. वसतिगृहाला निम्मी, उरलेली दोघांत. अभ्यासवर्गाच्या ताईचं थकलेलं मानधन त्यातून सुटलं. तिने ते घेताना "आधी खोलीचं भाडं द्या" असं म्हटलं. दोन्ही दिलं.

रोख देणाऱ्यांचा हिशेब जुळवला. मोठ्या रकमा यंदा मोजक्याच आल्या. पण लहान रकमा, शंभर, दोनशे, पाचशेच्या, गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. त्यातल्या बऱ्याच विडी वळणाऱ्या बायकांच्या आहेत, अभ्यासवर्गासाठी. त्यांची स्वतःची मुलं तिथे शिकतात, तेव्हा याला देणगी म्हणावं की फी, यावर मास्तर आणि मी चहा संपेपर्यंत वाद घातला. मी वहीत "देणगी" लिहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

कालपासून साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. गुरुजींकडे आता दुसरेच आईबाप यायला लागलेत, फडावर जाण्याआधी लेकरू ठेवून जायला. पुरामुळे थांबलेली मुलं अजून सगळी घरी गेलेली नाहीत आणि ही नवीन आली. एरवी जे ऊसतोडीला जात नव्हते असे दोन शेतकरी यंदा उचल घेऊन टोळीत गेल्याचं गुरुजी म्हणाले. शेतात उभं काहीच राहिलं नाही, करतील काय?

आज एका आईचं काम लक्षात ठेवण्यासारखं झालं. नवरा वारलेला, स्वतः मागावर कामाला, माग बंद. दोन्ही मुलं बालगृहात घ्या म्हणून आली होती. अधीक्षिका ताईंनी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "पोरांना तू सांभाळतेस ना? मग पैशाचं बघू, पोरांना कशाला तोडतेस." राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एक पालक गमावलेल्या मुलाला घरीच राहून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. मास्तरांनी कागद जमवायचं अंगावर घेतलं. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक. मंजुरीला वेळ लागतो, आणि तोवर घर चालवायला किराणा आम्ही भरू असं ठरलं. या खर्चाला वहीत रकानाच नव्हता. नवीन आखला. बालगृहाला मदत करायची एक रीत अशीही आहे की तिथे एक मूल कमी जावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

१४ तारखेला बालदिन झाला. तिन्हीकडे पुन्हा खाऊ, चॉकलेटं, भाषणं. आता १४ जानेवारीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कोणी फिरकणार नाही. हे दोन महिने दरवर्षी कोरडे जातात, म्हणून यंदा दिवाळीच्या जमेतला एक हिस्सा मुद्दाम न खर्चता संस्थांच्याच खात्यात ठेवायला सांगितला होता. त्यातून डिसेंबरचं वीजबिल आणि व्हॅनचं पुढचं भाडं निघेल.

महिन्याला शंभर रुपये देणारे गोळा करायचं काम धाकट्या अक्कांनी घेतलंय. मी यूपीआयवर आपोआप कापले जातील अशी सोय सुचवली होती. अक्का म्हणाल्या, शनिवारी मजुरीचा वाटप होतो, त्याच दिवशी मी जाऊन मागते, मशीनला कोण ओळखतंय. त्यांच्या पद्धतीने पहिल्या महिन्यात एकही नाव चुकलं नाही. माझ्या पद्धतीने घेतलेल्यांपैकी तिघांच्या खात्यात त्या दिवशी पैसेच नव्हते. यादी अक्कांकडे दिली. पैसे जमले की त्या थेट अभ्यासवर्गाच्या ताईकडे देतात आणि पावतीपुस्तकातून पावत्या घेऊन येतात.

नर्सिंगच्या प्रवेशाचं अजून काही ठरलेलं नाही. एका मुलीला नर्सिंग करायचंच नाही, तिला आयटीआयमध्ये जायचंय असं आता कळलं. अधीक्षिका ताई तिच्याशी बोलतायत. फीचा आकडा त्यानंतरच काढू.

२३ नोव्हेंबर, रविवार

किराण्याची बैठक. वसतिगृहाला मार्चपर्यंतची डाळ आणि ज्वारी लागणार. गल्लीतल्या काहींचं म्हणणं, पैसे आहेत तर आत्ताच सगळं भरून टाकू. मी अडवलं. नवी तूर जानेवारीपासून बाजारात यायला लागेल. आत्ता महिन्याभरापुरतीच डाळ घ्यायची. ज्वारीचंही तसंच. मंगळवेढ्याकडची नवी मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, वर्षाची भरणी तेव्हाच करायची असते. पण यंदा रानात पाणी राहिल्याने पेरण्या मागे पडल्यात असं अण्णांचे मेव्हणे सांगत होते, तेव्हा भाव उतरेलच याचा भरवसा नाही. म्हणून दोन महिन्यांची ज्वारी आत्ता, उरलेली नव्या मालावर.

गुरुजींकडे कोठीत जागा किती आहे ते अण्णा बुधवारी बघून येणार. गेल्या पावसात एका कोपऱ्यात ओल आली होती. पोती ठेवण्याआधी तिथे फळ्या टाकाव्या लागतील. फळ्या पेढीवर पडून आहेत, सुताच्या पेट्यांच्या. मालकांना उद्या विचारते.